लग्नाला बारा दिवस, बाहेर ४२ अंश: आयलॅश एक्स्टेन्शन्स करू की नको?

शेंगाचटणी | १६ एप्रिल, रात्री १०:४२

नमस्कार. तीन वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

२८ तारखेला माझं लग्न आहे. कार्यालय सोलापुरात होटगी रोडला, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. माझ्या पापण्यांचे केस असून नसल्यासारखे आहेत. आखूड, सरळ आणि खाली झुकलेले. मस्कारा लावला की तासाभरात डोळ्यांखाली उतरतो. साखरपुड्याच्या फोटोत मी रात्रपाळी संपवून आल्यासारखी दिसतेय. धाकटी बहीण पुण्यात नोकरी करते, ती दोन वर्षं एक्स्टेन्शन्स (पापणीच्या केसांना चिकटवायचे कृत्रिम केस) लावतेय आणि तिचे डोळे खरंच सुरेख दिसतात. ती म्हणते, ताई, कर गं, सकाळी उठल्या उठल्या तयार.

आई म्हणते, डोळ्यात फेविक्विक घालून घेणारेस का?

आपल्या उन्हात ते टिकतात का? लग्नाआधी किती दिवस करायचं? आमच्याकडे तेलवण आहे, मग हळद आहे, आणि मला तीन आत्या आहेत (त्या हळद लावतात की गिलावा करतात हे आजवर कळलेलं नाही). नंतर सासरी गॅससमोर उभं राहणं आलंच. दोन दिवसांत ठरवायचंय.

मंगळवार_पेठ | १६ एप्रिल, रात्री १०:५८

पापणीला पण एक्स्टेन्शन? इथं आमच्या दुकानातल्या बोर्डाला एक मिळेना झालंय. :)
जाऊ दे की ताई. घाम आला की सगळं अंतरपाटाला चिकटून बसंल.

हुतात्मा_खिडकी | १६ एप्रिल, रात्री ११:२०

मंगळवार पेठ, गप्प बसा हो.

शेंगाचटणी, मनापासून अभिनंदन! मी दीड वर्ष लावत होते, आता बंद केलंय. खरं सांगते, दिसतं फारच छान. पण "सकाळी उठल्या उठल्या तयार" हे अर्धंच खरं. रोज धुवावं लागतं, विंचरावं लागतं, पालथं झोपता येत नाही, डोळे चोळता येत नाहीत. मला डोळे चोळायची सवय आहे हे मला लॅशेस लावल्यावर कळलं. आणि दर अडीच-तीन आठवड्यांनी रिफिल, म्हणजे गळलेल्यांच्या जागी नवे लावून घेणं. मी पुण्याहून करून यायचे, हुतात्मा एक्सप्रेसच्या खिडकीत बसून वारा खात, आणि सोलापूर येईपर्यंत बाहेरच्या कोपऱ्यातल्या दोन-तीन गेलेल्या असायच्या. नंतर एकीने सांगितलं, पहिल्या दिवशी वारा, धूळ आणि घाम तिन्ही टाळायचं असतं.

लग्नापुरतं करायचं असेल तर कर. कायमचं व्रत घेऊ नको.

चिमटा_आणि_भिंग | १७ एप्रिल, सकाळी ७:१५

मी हेच काम करते, जुळे सोलापुरात, घरातल्याच एका खोलीत. जाहिरात करत नाहीये, नाव-पत्ता इथे देणार पण नाही. पण विषय रोजचा आहे म्हणून जरा सविस्तर.

आधी हे काय असतं ते. तुमच्या एका केसाला एक कृत्रिम केस चिकटवला की क्लासिक. एका केसाला अगदी बारीक केसांचा छोटा पंखा लावला की व्हॉल्यूम. दोन्ही मिसळलं की हायब्रिड. लावायचा केस कातडीला टेकत नाही, मुळापासून अर्धा-एक मिलिमीटर सोडून लागतो. हे नीट वाचा, कारण कातडीला चिकटवणाऱ्या पण आहेत. केस 'मिंक', 'सिल्क' अशा नावांनी येतात, पण त्यातले बहुतेक पीबीटी नावाच्या प्लास्टिकचेच. खालच्या पापणीवर जेलचा पॅड चिकटवायचा, डोळे मिटवून घ्यायचे, मग एका चिमट्याने एक केस वेगळा करायचा आणि दुसऱ्याने लावायचा. दीड ते अडीच तास. माझ्याकडे निम्म्या बायका घोरतात. :)

आता ऊन. लोकांना वाटतं उन्हाने गोंद वितळतो. तसं नाही, आपल्याकडची अडचण कोरडी हवा आहे. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. एप्रिल-मे मधे दुपारी आपल्याकडची हवा पापडासारखी. गोंद बसायला वेळ लावतो, तोपर्यंत केस सरकतो, शेजारच्याला चिकटतो. पावसाळ्यात उलट, लावेपर्यंतच वाळतो. मी पुण्यात कोर्स केला आणि इथे येऊन पहिल्या उन्हाळ्यात रडले होते, तिथे शिकलेलं काही बसेचना. आता खोलीत आर्द्रतामापक आहे, काटा ४५ ते ६० टक्क्यांच्या मधे आला की काम सुरू. त्यासाठी काय करते? साधा पाण्याचा कूलर लावते. शहरात सगळे एसी घेतायत, माझा धंदा कूलरवर चाललाय.

तेव्हा जिथे जाल तिथे विचारा, "खोलीतली ह्युमिडिटी किती आहे?" उत्तर देता आलं नाही तर चहा पिऊन परत या.

तारखेचं: पॅच टेस्ट, म्हणजे आधी थोडे केस लावून त्रास होतो का ते बघणं, उद्या किंवा परवा. लावायचं २६ ला सकाळी. आधी नाही, नंतर पण नाही.

रसायनकाका | १७ एप्रिल, सकाळी ८:०३

शेंगाचटणीच्या आईंना माझा नमस्कार कळवा. त्या बरोबर आहेत! निवृत्त शिक्षक आहे, म्हणून राहवत नाही.

फेविक्विक आणि हा गोंद एकाच घराण्यातले, सायनोॲक्रिलेट. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर यांच्या गटाला ते सापडलं. बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, आणि हे द्रव्य ज्याला लागेल त्याला चिकटत होतं. वैतागून बाजूला ठेवलं. पुढे १९५८ मधे तेच गोंद म्हणून बाजारात आलं. चिमटाताई म्हणतात तो ओलावा अगदी खरा. त्याच्या रेणूंची साखळी जोडायला पाण्याचा किंचितसा अंश लागतो. म्हणून तर फेविक्विक बोटाला क्षणात चिकटतं, बोट दमट असतं.

फरक घराण्यातल्या माणसांचा. पापण्यांचा गोंद वेगळा बनवतात, बराच कमी त्रासाचा. पण वाफ त्यालाही असते, आणि ती डोळ्यांना झोंबते. हार्डवेअरच्या दुकानातला गोंद पापणीला कुणी लावत असेल तर तिथून पळा.

मंगळवार_पेठ | १७ एप्रिल, सकाळी ८:३०

काका, तुम्ही आम्हाला शाळेत असं शिकवलं असतं तर आम्ही पास झालो असतो की.

कडक_भाकरी | १७ एप्रिल, दुपारी २:११

मी सांगू की नको असं झालं होतं. सांगते.

फेब्रुवारीत भाचीच्या लग्नाला मी पण लावून घेतल्या. वय ४६. मुलीने हौसेने नेलं एका पार्लरमधे. टेस्ट वगैरे काही नाही, पाऊण तासात काम खल्लास, आठशे रुपये. मला वाटलं स्वस्तात झालं. दुसऱ्या दिवशी पापण्या जड, मधेच टोचायचं. मी फोन केला तर म्हणाली, काकू, पाणी लागू द्यायचं नाही, तेवढं सांभाळा. मी इतकं सांभाळलं की बारा दिवस डोळ्यांना पाणीच लावलं नाही. तोंड धुताना कपाळ आणि गाल, मधला भाग कोरडा. पापण्यांच्या मुळाशी पिवळट खपल्या जमल्या, खाज सुटली.

आणि एकदा ज्वारीची भाकरी भाजताना, तव्यावरून काढून जाळावर फुगवायला वाकले, तर डाव्या डोळ्यावर 'चर्र' असा आवाज. टोकं जळून गोळे झालेले. प्लास्टिकच ते.

मग मार्चच्या मध्यावर मी वैतागून आरशासमोर उभी राहिले आणि ओढून काढल्या. तीन-तीन, चार-चार केसांचे झुबके एकत्र चिकटवलेले होते, त्यांच्याबरोबर माझे पण आले, मुळासकट. उजव्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा मोकळा आहे आता. महिना झाला. अजून काही नाही.

शेंगाचटणी, तुला घाबरवायला लिहिलं नाही हां.

हुतात्मा_खिडकी | १७ एप्रिल, दुपारी २:२५

अगं बाई! कुठलं पार्लर हे?

प्रशासक | १७ एप्रिल, दुपारी २:४०

पार्लर, दवाखाना, व्यक्ती यांची नावं तक्रारीसोबत इथे नकोत. अनुभव जरूर लिहा.

चिमटा_आणि_भिंग | १७ एप्रिल, दुपारी ३:०५

काकू, ते एक्स्टेन्शन नव्हतंच. तयार झुबके, क्लस्टर म्हणतात त्यांना. एक संध्याकाळ लावून काढायचे असतात. ते पक्क्या गोंदाने लावले की शेजारशेजारचे चार केस एका गाठीत अडकतात. त्यातला एक वाढायला लागतो, दुसऱ्याचा गळायचा दिवस येतो, आणि सगळे एकमेकांना ओढत बसतात. म्हणून टोचत होतं.

आणि पाणी! हे मला छपरावर चढून ओरडून सांगायचंय. पाणी लागू द्यायचं नाही हा नियम फक्त पहिल्या २४ तासांचा आहे. नंतर रोज धुवायचं. रोज म्हणजे रोज. माझ्याकडे तक्रार घेऊन परत येणाऱ्यांमधे निम्म्याहून जास्त बायकांनी लॅशेस धुतलेल्याच नसतात. लॅशेस टिकाव्यात म्हणून धुवत नाहीत, आणि न धुतल्यानेच गळतात. कातडीचं तेल, घाम, पावडर, सगळं गोंदाच्या जोडावर बसतं.

पाणी रोज येत नाही हे मला पण माहीत आहे, मी पण याच गावात राहते. अर्धी वाटी पिण्याचं पाणी पुरतं. टाकीचं किंवा बोअरचं जड पाणी नको, वाळल्यावर पांढरा थर राहतो. तेल नसलेला फोम मिळतो लॅशेसचा, त्याचा एक थेंबभर फेस मऊ ब्रशवर घ्यायचा, डोळे मिटून मुळाकडून टोकाकडे हलक्या हाताने फिरवायचा, वाटीतलं पाणी बोटांनी सोडायचं. मग टिपायचं. आणि इथे मला आपल्या गावाची माफी मागून सांगावं लागतं, सोलापुरी टॉवेल वापरू नका! जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला असू दे, त्याची ती गोल गोल लूप असतात ना, त्यात केस अडकतो आणि सगळं उपटून येतं. टिश्यू घ्या, नाहीतर जुनी मऊ सुती ओढणी. वाळल्यावर छोट्या ब्रशने विंचरायचं, टोकाकडून सुरुवात करून.

नेत्रपल्लवी | १७ एप्रिल, रात्री ९:४८

मी नेत्रतज्ज्ञ आहे. हा धागा बहिणीने पाठवला. कडक भाकरी, आधी तुमच्याबद्दल.

पापणीचा प्रत्येक केस आपल्या वेळापत्रकाने वाढतो, थांबतो, गळतो. रोज एक ते पाच केस तसेही गळतात, आपल्याला कळत नाहीत. ओढून निघालेला केस साधारण दोन महिन्यांत दिसू लागतो, पूर्ण लांबीला आणखी वेळ लागतो. मूळ शाबूत असेल तर येतो. वारंवार ओढला गेला तर मात्र मूळ कायमचं थकतं. तुमचं एकदाच झालंय. खपल्या आणि खाज अजून असेल तर पापणीच्या कडेला सूज आहे, ब्लेफरायटिस म्हणतात, ती तपासून घ्या. दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या घडीने शेक आणि कडा स्वच्छ ठेवणं, एवढ्यानेही फरक पडतो.

आता सगळ्यांसाठी. मी "करू नका" म्हणणारी नाही, कारण तरीही बायका करतात आणि मग लपवतात. २०१२ मधे जपानमधून १०७ बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, एक्स्टेन्शन्सनंतर त्रास होऊन दवाखान्यात आलेल्या. त्यातल्या ६४ जणींना डोळ्याच्या पृष्ठभागाचा दाह होता, ४२ जणींना पापणीची ॲलर्जी. पहिला प्रकार बहुतेक लावताना-काढताना होतो. गोंदाची वाफ, डोळा किंचित उघडा राहणं, पॅडची कडा बुबुळाला घासणं. म्हणून लावताना झोंबलं तर सहन करत पडून राहू नका, बोला. दुसरा प्रकार काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी येतो. पापणी सुजते, खाजते.

कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढून जा. रांजणवाडी झाली असेल, डोळे आले असतील, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर थांबा. गोंद डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. चिकटलेली पापणी जोर लावून उघडू नका, ॲसिटोन तर डोळ्याच्या आसपासही नको. आणि दुखणं, धुरकट दिसणं, उजेड सहन न होणं यातलं काहीही झालं तर पार्लर नव्हे, दवाखाना.

शेंगाचटणी | १७ एप्रिल, रात्री १०:३०

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! डॉक्टर, चिमटाताई, खूप खूप आभार. कडक भाकरी काकू, तुमच्यासाठी वाईट वाटलं. आईला काकांचा निरोप वाचून दाखवला, ती आता घरभर "सायनोॲक्रिलेट" म्हणत फिरतेय.

उद्या पॅच टेस्टला जातेय. बहीण उद्या पुण्याहून येतेय, ती पण सोबत येईल. दोन वर्षं लावते त्यामुळे तिला टेस्टची गरज नाही म्हणते, उगाच माझ्यासोबत दोन केस लावून घेईल म्हणे, गंमत म्हणून.

शमा_ए | १८ एप्रिल, सकाळी ११:१२

मधेच विचारते. मी दिवसातून पाच वेळा वुजू (नमाजाआधी हात-तोंड धुणं) करते, तेवढ्या वेळा तोंडावर पाणी. मग चालणारच नाही ना हे?

चिमटा_आणि_भिंग | १८ एप्रिल, सकाळी ११:४०

शमा, पहिला दिवस सोडला तर पाण्याने काही बिघडत नाही, चोळल्याने बिघडतं. वरून पाणी सोडायचं आणि टिपायचं. माझ्याकडे अशा दोघीजणी नियमित येतात, इतरांपेक्षा त्यांच्या लॅशेस स्वच्छ असतात. वुजूच्या दृष्टीने चालतं का हे मात्र घरातल्या जाणत्यांना विचार, ते मी सांगू शकत नाही.

मंगळवार_पेठ | १८ एप्रिल, दुपारी १:०५

एक शंका. देवाने पापणी दिली ती धूळ अडवायला ना? मग लांब केली तर जास्तच अडंल की. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फिरायला बरं.

रसायनकाका | १८ एप्रिल, दुपारी १:३५

विनोदात चांगला प्रश्न विचारलात. याच्यावर २०१५ मधे अमेरिकेत, जॉर्जिया टेकमधे, काम झालंय. त्यांनी २२ प्रकारचे सस्तन प्राणी मोजले. बहुतेकांच्या पापणीच्या केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश निघाली. मग वाऱ्याच्या बोगद्यात नकली डोळा ठेवून पाहिलं. त्या लांबीला डोळ्यावरचा वारा सर्वात कमी, अश्रू कमी सुकतात, धूळ कमी बसते. त्याहून लांब केले की केस नरसाळ्यासारखं काम करतात, वारा उलट डोळ्याकडे वळतो.

म्हणजे गड्ड्यात फार लांब पापण्या घेऊन गेलात तर धूळ जास्त खाल. आपल्या कोरड्या हवेत तर नक्कीच बेताची लांबी बरी.

चिमटा_आणि_भिंग | १८ एप्रिल, दुपारी १:५०

काका, हे मी माझ्या भिंतीवर लिहून लावणार आहे! प्रत्येक नवरीला १४ मिलिमीटर पाहिजे असतात, मोबाईलवर फोटो दाखवतात. स्वतःचे केस आठ मिलिमीटरचे असले की दहा-अकराच्या पुढे मी जात नाही. जाडी पण तशीच, ०.१५ मिलिमीटरचा केस बारीक पापणीला ओझं होतो. म्हातारीच्या डोक्यावर पाण्याची घागर.

स्वस्त_आणि_मस्त | १८ एप्रिल, संध्याकाळी ६:२२

एवढं कशाला? रोज रात्री एरंडेल तेल लावा, महिन्यात पापण्या दाट होतात. माझ्या आजीचा उपाय. नाहीतर काचबिंदूचे ते थेंब येतात, ते पापणीला लावले की केस वाढतात, मैत्रीण लावते.

नेत्रपल्लवी | १८ एप्रिल, रात्री ९:१०

एरंडेलाने केस वाढतात याला ठोस पुरावा नाही. केस चमकतात म्हणून दाट भासतात. लावायचं तर कडेला थोडंसं, डोळ्यात नाही.

थेंबांचं मात्र गंभीरपणे घ्या. बायमॅटोप्रोस्ट हे काचबिंदूचं औषध, त्याने पापण्या लांब होतात हे खरंय, २००८ च्या अखेरीस अमेरिकेत त्यासाठी मान्यताही मिळाली. पण त्याने पापणीची कातडी काळवंडू शकते, डोळे लाल होतात, बुबुळाचा रंगही कायमचा गडद होऊ शकतो. मैत्रिणीची बाटली उसनी घेण्यासारखं ते औषध नाही.

शेंगाचटणी | २० एप्रिल, सकाळी ९:३३

अपडेट, आणि तो मला अपेक्षित होता तसा नाही.

परवा दुपारी आम्हा दोघींना बाहेरच्या कोपऱ्यात प्रत्येकी चार-पाच केस लावले. मला आजपर्यंत काहीच झालं नाही, खाज नाही, लाली नाही.

बहिणीला काल दुपारपासून खाजायला लागलं. रात्री दोन्ही पापण्या सुजल्या, आज सकाळी डावा डोळा अर्धाच उघडतोय. दोन वर्षं लावणारी ती! आणि मी नवखी, मला काही नाही. असं कसं?

नेत्रपल्लवी | २० एप्रिल, सकाळी १०:०२

असंच होतं. ॲलर्जी पहिल्या भेटीत क्वचित होते. शरीर आधी त्या पदार्थाला ओळखायला शिकतं, मग कधीतरी दहाव्या किंवा विसाव्या वेळी भांडायला उठतं. "इतकी वर्षं काही झालं नाही" हा म्हणूनच पुरावा नसतो. एकदा झाली की बहुधा कायम राहते, आणि पुढच्या वेळी जास्त जोरात येते.

ते केस आज काढून घ्या, क्रीमच्या रिमूव्हरने, ओढून नाही. थंड घडी ठेवा आणि तिला आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने आणू नका. आणि तिला म्हणावं, दातांच्या डॉक्टरांना, सर्जनना ही ॲलर्जी सांगून ठेव. जखमा चिकटवायला याच घराण्यातला गोंद वापरतात.

चिमटा_आणि_भिंग | २० एप्रिल, सकाळी १०:२०

यासाठीच मी जुन्या गिऱ्हाइकांची पण गोंद बदलला की पुन्हा टेस्ट घेते. तोंडं वाकडी करतात. आता हा धागा दाखवीन.

हुतात्मा_खिडकी | २० एप्रिल, दुपारी १२:४५

मी बंद केलं त्याचं कारण लिहिलं नव्हतं. शेवटच्या दोन रिफिलनंतर असंच थोडं खाजायचं. मी समजत होते की पुण्याचं प्रदूषण. डॉक्टर, धन्यवाद.

शेंगाचटणी | २२ एप्रिल, रात्री ११:०५

बहीण आता बरी आहे, सूज उतरली. लग्नात ती नुसतं काजळ लावणार म्हणते.

माझं २६ ला सकाळी ठरलं. पण तेलवण २६ ला संध्याकाळी आणि हळद २७ ला. मग तेलाचं काय करायचं?

चिमटा_आणि_भिंग | २३ एप्रिल, सकाळी ७:००

तेलवण त्याच संध्याकाळी, म्हणजे चोवीस तास पण होत नाहीत. आंब्याच्या पानाने तेल लावतात ना? कपाळापर्यंत येऊ देऊ नका, केसांत आणि हातापायांना लावू दे. हळद तेलात कालवू नका, गुलाबपाण्यात कालवा. आणि घरातली एक खमकी बाई तुझ्या शेजारी उभी कर, जिचं एकच काम, आत्यांचे हात गालाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत.

रसायनकाका | २३ एप्रिल, सकाळी ७:५०

तेलाबद्दल एक बारीक खुलासा. पक्का वाळलेला हा गोंद खोबरेल तेलात विरघळत नाही, ॲसिटोनमधे विरघळतो. पण तेल केसावर पसरून जोडाच्या फटीत शिरतं आणि त्यावर मळ धरतो, हे ताईंच्या अनुभवाशी जुळतं. शिवाय तेल लागलं की आपण पुसतो, आणि पुसणं हाच खरा घात.

मंगळवार_पेठ | २३ एप्रिल, सकाळी ८:१५

आणि पाठवणीला रडायचं नाय का मग?

चिमटा_आणि_भिंग | २३ एप्रिल, सकाळी ८:२०

पोटभर रडू दे की. अश्रूंनी काही होत नाही. रुमाल मात्र आईच्या हातात ठेव, तू टिपून घे फक्त.

शेंगाचटणी | १९ मे, दुपारी ४:१७

उशिरा लिहितेय, माफ करा. लग्न छान पार पडलं.

क्लासिक केलं, दहा-अकरा मिलिमीटर. दोन तास दहा मिनिटं लागली, मी पण घोरले म्हणे. खमकी बाई म्हणून बहिणीलाच उभं केलं होतं. मोठ्या आत्याने तिलाही चुकवून डाव्या डोळ्यावर हळद फासलीच. तिथे पाच-सहा केस पिवळे झाले ते शेवटपर्यंत पिवळेच राहिले, जवळच्या फोटोत दिसतात. नवरा म्हणतो हायलाइट केल्यासारखं वाटतं. रडले भरपूर. काही पडलं नाही.

रोज रात्री अर्धी वाटी पाणी घेऊन बसायचे. सासूबाईंनी तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी विचारलं, हे कसलं व्रत गं? सांगितलं. त्या म्हणाल्या, मग भाकऱ्या मी भाजते, तू थाप. हा फायदा इथे कुणीच सांगितला नव्हता!

अठराव्या दिवशी निम्म्याच उरल्या होत्या, मधे मधे दात पडल्यासारखं दिसायला लागलं. रिफिल न करता काढून घेतल्या, क्रीम लावून, दहा मिनिटांत. आरशात स्वतःचे डोळे दोन दिवस फार बारके वाटले, मग सवय झाली. पुन्हा करेन का? दिवाळीच्या अभ्यंगाआधी तर नाहीच. त्याऐवजी लॅश लिफ्ट म्हणजे आपलेच केस वळवून घेतात ना, त्याबद्दल कुणाला माहिती आहे का?

चिमटा_आणि_भिंग | १९ मे, संध्याकाळी ५:०२

हो. केस कुरळे करायच्या पर्मचंच औषध, सहा ते आठ आठवडे राहतं, रिफिल नाही, नंतर तेल चालतं. तुझे केस सरळ आणि झुकलेले आहेत, तुला शोभेल. पण आधी पॅच टेस्ट, आणि आत्ताच नको, केसांना महिनाभर मोकळं सोड.

नेत्रपल्लवी | १९ मे, रात्री ९:३०

कडक भाकरी, तुमचं काय झालं?

कडक_भाकरी | २१ मे, सकाळी ६:५५

आठवण ठेवलीत डॉक्टर. दाखवून आले होते, शेक आणि मलम दिलं, खाज गेली. आज सकाळी उजेडात मुलीने भिंग घेऊन बघितलं. उजव्या कोपऱ्यात तीन आल्यात. एक वाकडी आहे.

नेत्रपल्लवी | २१ मे, सकाळी ७:२०

वाकडी आतल्या बाजूला वळत असेल आणि डोळ्याला टोचत असेल तर या. बाहेर वळत असेल तर राहू दे.

कडक_भाकरी | २१ मे, सकाळी ७:२६

बाहेरच आहे.